आधी प्रयोगशाळेची किल्ली

सहावी ते आठवीचं विज्ञान तुझ्याकडे आलं, आणि पहिल्याच बैठकीत मुख्याध्यापक म्हणाले, मुलींना विज्ञान-तंत्रज्ञानाकडे वळवा. बरं झालं. पण वळवा म्हणजे नक्की काय करा, हे काही त्यांनी सांगितलं नसणार. परिपत्रकातही ते लिहिलेलं नसतं. मग २८ फेब्रुवारीला कुणा पाहुण्यांचं भाषण होतं, मुली टाळ्या वाजवतात, फोटो ग्रुपवर जातो आणि दुसऱ्या दिवशी तास पुन्हा खडू-फळ्यावर सुरू. तुझ्या आत्याचं सगळं आयुष्य जुन्नर तालुक्यातल्या शाळांत गेलं, म्हणून एक गोष्ट छातीठोक सांगते. आपल्या मुलींना प्रेरणा भरपूर मिळते, वस्तू हातात मिळत नाही. बाकी मी जे सांगणार आहे ते सगळं यातूनच निघतं.

तेव्हा आधी प्रयोगशाळेची किल्ली तुझ्याकडे घे. बहुतेक ठिकाणी ती कार्यालयाच्या खिळ्याला टांगलेली असते आणि उघडायचं म्हटलं की कुणीतरी विचारतं, फुटलं तर भरून कोण देणार? या प्रश्नाला घाबरू नकोस. काचसामान फुटण्यासाठीच असतं. नोंदवहीत लिही, वर्षाअखेरीला रीतसर निर्लेखनाचा प्रस्ताव दे. परीक्षानळी फुटली म्हणून कुणाची वेतनवाढ अडल्याचं मी पाहिलेलं नाही. कपाटात पंधरा वर्षं नवीकोरी राहिलेली व्होल्टमीटरची खोकी मात्र बक्कळ पाहिली.

दुसरं, प्रयोगशाळेच्याही आधी मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तपास. हसू नकोस. कडी लागत नाही, नळाला पाणी नाही, म्हणून सातवी-आठवीतल्या मुली महिन्यातले ते तीन-चार दिवस घरी राहतात, आणि नेमकं प्रात्यक्षिक त्यातल्याच एका दिवशी असतं. सुतार बोलावून घे, शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढ, पुरुष मंडळी खाली बघायला लागली तरी काढ. एका कडीचा खर्च तो किती! विज्ञानदिनाच्या फ्लेक्सपेक्षा कमीच.

आता वर्गात काय होतं ते बघ. सहा-सहा जणांचे गट केलेस की पहिल्या पाच मिनिटांत आपोआप वाटणी होते. मुलगे उपकरणाला भिडतात आणि मुली वही काढतात. कुणी सांगितलेलं नसतं, तरी होते. मुलींच्या प्रयोगवह्या बघ, आकृत्या इतक्या सुरेख की छापून घ्याव्यात. पण ज्या अमीटरची ती सुंदर आकृती आहे त्याचा स्क्रू तिनं कधी घट्ट केलेला नसतो. आणि आपण काय करतो? 'वाह, किती टापटीप!' म्हणून लाल शाईनं शेरा देतो. हा शेरा देणं आधी बंद कर. टापटिपीचं कौतुक तिला घरी पुष्कळ मिळतं. तू विचार, 'हा आकडा तुला कसा मिळाला? दुसऱ्यांदा मोजला तेव्हाही तोच आला का?'

गटात तीन कामं ठरवून दे: एकानं उपकरण हाताळायचं, एकानं वाचन घ्यायचं, एकानं लिहायचं. दर प्रयोगाला कामं फिरली पाहिजेत आणि ती कुणाकडे आहेत हे फळ्यावर लिहिलेलं असलं पाहिजे. सुरुवातीला काही दिवस मुलींचे गट वेगळेच केलेस तरी चालेल. शिक्षणतज्ज्ञांना हे फारसं आवडत नाही, पण हातातली भीती गेल्यावर गट मिसळले तर मुली मागे सरत नाहीत, आधीच मिसळले तर सरतात. हे माझं मत आहे, तू तुझं बघून ठरव.

एलईडी आणि तीन व्होल्टचा बटणसेल हा सगळ्यात स्वस्त धडा. एलईडीचे दोन पाय सेलच्या दोन बाजूंना टेकवायचे, बस्स. लांब पाय धन बाजूला लागला तर दिवा लागतो, उलटा लागला तर नाही. तू आधी काहीच सांगू नकोस. मुलग्याचा लागला नाही की तो उलटसुलट करून बघतो, सेल दातानंसुद्धा चावून बघतो. (ते मात्र करू देऊ नकोस, आणि तास संपला की सेल मोजून परत घे. लहान भावंडानं गिळला तर जिवावर बेततं.) मुलीचा लागला नाही की ती पहिल्यांदा तुझ्याकडे बघते आणि म्हणते, 'बाई, माझ्याकडून बिघडला.' इथं तुझी खरी परीक्षा आहे. हात पुढं करून नीट लावून द्यायचा नाही. पाठीमागे हात बांधून उभी राहा आणि म्हण, 'बिघडला हे कशावरून?' ती थांबते, सेल फिरवते, पाय निरखते. 'बाई, याचा एक पाय मोठा आहे.' हे तिचं तिला दिसलं की पुढचं अर्धं शिकवणं झालं. तिनं उलटा लावला होता म्हणून ते दिसलं, हेही तिला आवर्जून सांग. आपल्याकडे मुलीला न चुकता करायची सवय फार लहानपणी लावतात, आणि न चुकता तंत्रज्ञान शिकता येत नाही.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहायला शीक. आपल्याला शांतता सोसत नाही, म्हणून जो हात आधी वर येतो त्याला आपण उत्तर द्यायला लावतो आणि तो हात बहुधा मागच्या बाकावरच्या एखाद्या बोलक्या मुलग्याचा असतो. मनातल्या मनात दहा आकडे मोज. सातव्या-आठव्या आकड्याला एखादी मुलगी हात अर्धा वर करते, कोपर बाकावरच ठेवून. तिला विचार.

शाळेत संगणक असतील तर एकच नियम कर: माऊस ज्याच्या हातात, बोलायचं शेजारच्यानं, आणि दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. घरी मोबाइल दादाच्या हातात असतो आणि तिला रात्री आईचं काम उरकल्यावर थोडा वेळ मिळतो. शाळेतही तिनं शेजारी बसून बघायचंच असेल तर मग शाळा कशाला?

गणितावर मात्र तुला डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं, तो विषय तुझ्याकडे नसला तरी. मुली विज्ञानातून बाहेर पडतात त्या गणिताच्या दारानं. अकरावीला सायन्स घेतलेल्या कितीतरी मुली गणित सोडून नुसतं जीवशास्त्र ठेवतात. मग सीईटीच्या पीसीएम गटाचा रस्ता बंद होतो, म्हणजे अभियांत्रिकी गेलं, संगणक गेला, अवकाश गेलं. दिसायला हा निर्णय अकरावीचा असतो. खरं तर तो सहावी-सातवीत, पूर्णांक आणि बैजिक राशी येतात तेव्हा, 'मला गणित जमत नाही' या वाक्यानं झालेला असतो. आणि त्या वाक्याला घरून लगेच अनुमोदन मिळतं, 'मलाही नव्हतं जमत.' आई ते प्रेमानंच म्हणते. पालकसभेत आयांना हात जोडून सांग, जमत नव्हतं तर नव्हतं, पण मुलीसमोर बोलू नका. बाजारात टोमॅटोच्या क्रेटचा हिशेब तोंडी करणारी बाई 'मला गणित येत नाही' म्हणते, तेव्हा तिला तिथंच पकड.

मंगला नारळीकरांचं 'गणितगप्पा' शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर मागव. त्या स्वतः गणितज्ञ. लग्न झालं, मुली झाल्या, घर सांभाळलं आणि १९८१मध्ये संख्या सिद्धांतात पीएच.डी. केली. २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीनं 'वीस एक' आलं तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष म्हणून त्यांची केवढी टिंगल झाली! पण मुलाला कुठं अडतं याचा विचार करणारी ती बाई होती, आणि आपण टिंगल करणाऱ्यांत नसावं.

थोरांची नावं सांगताना एक पथ्य पाळ. 'पहिली महिला अमुक' असं म्हणून थांबू नकोस, त्या नावाला नुसता हार घातल्यासारखं होतं. त्या बाईनं नेमकं काय केलं ते सांग. कमला सोहोनींचं बघ, तेव्हाच्या कमला भागवत, लेखिका दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. घेऊन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. बाई म्हणून त्यांनी नाकारलं. कमलाबाई जाऊन सत्याग्रहाला बसल्या. शेवटी एक वर्ष परीक्षेवर घेतलं, तेही अटी घालून, त्यातली एक अशी की त्यांच्यामुळे पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्ष संपलं तेव्हा रामन यांना मत बदलावं लागलं. पुढं केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम केलं आणि वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असतं हे दाखवलं. १९३९मध्ये डॉक्टरेट. परत आल्यावर पुढं मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन. आता बटाटा आणि नीरा, या दोन गोष्टी आपल्या मुलींना माहीत नाहीत का? धडा तिथून सुरू कर. सत्याग्रहावर मुली डोळे मोठे करतात खऱ्या, पण बटाट्यावर प्रश्न विचारतात.

रोहिणी गोडबोले पुण्याच्या, हुजूरपागेच्या. मूलकणांच्या भौतिकशास्त्रात जगभर नाव. त्यांच्या वेळी मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत विज्ञानापेक्षा गृहशास्त्रच चाले. स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी विज्ञान वेगळं शिकावं लागलं आणि तिथून गोडी लागली. सातवीत, बघ! २०२४मध्ये त्या गेल्या. राम रामस्वामी यांच्याबरोबर त्यांनी संपादित केलेलं 'लीलावतीज डॉटर्स' हे इंग्रजी पुस्तक २००८चं. त्यात भारतातल्या शास्त्रज्ञ बायकांच्या हकिकती आहेत. तू वाच आणि एकेक हकिकत मराठीत सांग.

तरीही माझा अनुभव असा की फार मोठं नाव मुलीला फार लांबचं वाटतं. जवळचं माणूस दाखव. महावितरणची विद्युत सहायक म्हणून खांबावर चढणारी मुलगी, प्राथमिक आरोग्य केंद्रातली रक्त तपासणारी ताई, नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात माती-पाण्याचं काम करणाऱ्या बाई, बचत गटातून ड्रोन शिकलेली कुणी. यांना वर्गात बोलावलंस तर भाषण करू देऊ नकोस, हत्यारांची पेटी घेऊन यायला सांग. एकदा वीजमंडळाचे हातमोजे वर्गातून फिरले होते. आठवीतली एक मुलगी ते घालून पाच मिनिटं नुसती मुठी उघडझाप करत बसली. मग म्हणाली, 'बाई, यात स्क्रू कसा धरतात?' तिला पुढं काही शिकवावं लागलं नाही, ती स्वतःच विचारत गेली. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं आणि त्यांच्या पद्धतीनं चालणाऱ्या शाळांत मुली वेल्डिंग करतात, नळ जोडतात, घरातलं वायरिंग करतात. सहल न्यायचीच असेल तर तिकडे ने.

आणि खोडद तर तुझ्या दारात आहे. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यातल्या चौदा खोडदच्या आसपास, बाकी तीन दिशांना पसरलेल्या. विज्ञानदिनाला तिथं प्रदर्शन भरतं, शाळा मांडणी करतात. तिथं मी दरवर्षी एकच चित्र बघायची. मुली टेबलापुढं रांगोळी काढतायत, पाहुण्यांना गुलाब देतायत, आणि मॉडेल समजावून सांगतोय मुलगा. तुझ्या शाळेचं टेबल असेल तेव्हा रांगोळी मुलग्यांकडे दे. चांगली काढतात, बघ. मॉडेल मुलीनं बनवायचं, तिनंच सांगायचं, आणि परीक्षकांनी उलटा प्रश्न विचारला तर तू मधे पडायचं नाही.

तबकडीखाली उभं राहिल्यावर मुलं पहिलं काय विचारतात? 'बाई, ही तर नुसती जाळी आहे, आरपार आभाळ दिसतंय. मग लहरी अडकतात कशा?' हा प्रश्न वाया घालवू नकोस. जाळीची भोकं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची, आणि ही दुर्बीण ज्या रेडिओ लहरी पकडते त्या साधारण वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत लांबीच्या. एवढ्या लांब लहरीला ती भोकं नसल्यासारखीच, ती आपटून परत फिरते. पत्रा लावला असता तर तबकडी जड झाली असती आणि वाऱ्यानं ढकलली असती. चाळणीतून मैदा पडतो, शेवया वरच राहतात, असं सांगितलंस तर काम चालेल, पण मग लहरीची लांबी फूटपट्टीनं जमिनीवर आखून दाखव, नाहीतर मुली शेवयाच लक्षात ठेवतील. आणि परत येताना हे सांगायला विसरू नकोस की त्या तबकड्या फिरत्या ठेवायला खगोलशास्त्रज्ञ पुरत नाहीत. मोटारी, तारा, संगणक सांभाळणारे अभियंते लागतात, तंत्रज्ञ लागतात. दहावीनंतर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, आणि डिप्लोम्यावरून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. हा रस्ता आपल्या भागात फार कमी आयांना माहीत असतो.

वडिलांशी बोलायचं असेल तर त्यांना शाळेत बोलावू नकोस. शाळेत बोलावणं म्हणजे तक्रार, असंच त्यांना वाटतं. टोमॅटोच्या बाजारात भेट, दूध घालायला येतात तिथं भेट. आणि 'मुलगी शिकली पाहिजे' असलं काही बोलू नकोस, ते त्यांना ट्रकच्या मागंही वाचायला मिळतं. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या असतात: पैसे किती, राहायचं कुठं, आणि लग्नाचं काय. पहिल्या दोनांची पक्की उत्तरं तुझ्याजवळ असू देत. २०२४-२५पासून राज्यात आर्थिक मागास, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारी कॅप फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. डिप्लोमा-डिग्रीच्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला पन्नास हजार, एका घरात दोन मुलींपर्यंत. तिसऱ्या प्रश्नावर वाद घालू नकोस. त्याच गावची, त्याच जातीतली, डिप्लोमा करून नोकरीला लागलेली एक मुलगी सोबत घेऊन जा आणि तिलाच बोलू दे. पण लग्न अठराच्या आत ठरतंय असा सुगावा लागला तर मात्र भीडभाड ठेवायची नाही, १०९८ला फोन करायचा.

कागदांचं काम सहावीतच सुरू कर. मुलीच्या नावावर बँकेत खातं, आधार जोडलेलं, आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच. किती चांगल्या मुलींचे पैसे एका जादा 'ए'पायी अडकतात! इन्स्पायर-मानक पुरस्कारासाठी शाळेनं मुलांच्या पाच कल्पना पाठवायच्या असतात. निवड झाली की दहा हजार थेट त्या खात्यात येतात. कल्पना तिची असू दे. बाजारात तयार मॉडेलं विकत मिळतात, ती परीक्षकांना दुरूनच ओळखू येतात, आणि मुलीला खोटं बोलायला आपणच शिकवतो. चाळीतला कांदा का सडतो, पाण्याचा हंडा किती अंतरावरून येतो, चुलीचा धूर कुठं जातो, हे तिच्या रोजच्या बघण्यातलं आहे. त्यातलं काय सुधारावंसं वाटतं, विचार.

आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांच्या मुलांसाठी. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. पास होऊन निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावीला आणि नववीला. ती चांगली आहे, पण तिच्यासाठी शहरात महागडे क्लास चालतात, तेव्हा न जमल्यास मन लावून घेऊ नकोस. नववीपासून विज्ञान ज्योती हा मुलींसाठीचाच उपक्रम आहे, नवोदय विद्यालयांमार्फत चालतो. एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना बारावीपर्यंत फुकट मिळतो, तो दर सत्राला वेळेत काढून घे. जातीचा दाखला आठवी-नववीतच काढून ठेवायला सांग, म्हणजे अकरावी-बारावीत पडताळणीचा अर्ज करता येतो. प्रवेशाच्या जूनमध्ये सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहून रडणाऱ्या मुली बघवत नाहीत.

एक आणखी. सगळ्याच मुलींनी शास्त्रज्ञ व्हावं असा हट्ट धरू नकोस. जिला गाणं आवडतं तिला गाऊ दे, टेस्टर वापरता आला म्हणजे झालं. आणि ३ जानेवारीला मुलींना नऊवारी नेसवून सावित्रीबाई करतात, ते करू देत, पण त्याच दिवशी दुपारी त्यांच्याकडून शाळेतला एखादा बंद पडलेला ट्यूबलाइटचा पॉइंट दुरुस्त करून घे. मेन स्विच तू स्वतः बंद केलायस याची खात्री करून, आणि टेस्टर लावून बघायला त्यांनाच लावून.

पुढच्या शनिवारी पुण्याला येशील तेव्हा तपकीर गल्लीत जाऊ. पाच साधे डिजिटल मल्टीमीटर, दोन पक्कडी, स्क्रू-ड्रायव्हरचे संच, एलईडी आणि सेल घाऊक घेऊ. सोल्डरिंग आयर्न एकच पुरे सुरुवातीला, पंचवीस वॅटचं. दुकानदार मुलींसाठी म्हटल्यावर स्वस्तातलं खेळण्यातलं दाखवील, ते घ्यायचं नाही. बिल शाळेच्या नावावरच करून घे आणि संयुक्त अनुदानातून घालता येतं का ते मुख्याध्यापकांना आधीच विचारून ये, नाहीतर लेखापरीक्षणात ते तुझ्याच अंगावर येईल.